चार ट्रॅकांचा कारागीर

रेगे संगीताचे निर्माते ली 'स्क्रॅच' पेरी यांचा विषय निघाला की बोलणे लगेच त्यांच्या रंगवलेल्या दाढीवर आणि विक्षिप्तपणाच्या किश्श्यांवर घसरते. त्यात त्यांचे कसब झाकोळून जाते, ही माझी जुनी तक्रार आहे.

जमैकातील केंडल येथे १९३६ साली जन्मलेल्या पेरी यांनी किंग्स्टनमध्ये संगीत निर्माते क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड यांच्याकडे उमेदवारी केली. तेथे पटले नाही, पुढे जो गिब्ज या दुसऱ्या निर्मात्याशीही बिनसले. १९६८ साली त्यांनी गिब्ज यांना टोला हाणणारे 'पीपल फनी बॉय' हे गाणे काढले, त्यात गाणे चालू असताना मध्येच तान्हे मूल रडते.

१९७३ साली वॉशिंग्टन गार्डन्समधील घराच्या मागच्या अंगणात त्यांनी ब्लॅक आर्क हा स्टुडिओ उभारला. परदेशी स्टुडिओंत सोळा-सोळा ट्रॅक, म्हणजे टेपवर वेगवेगळे आवाज भरण्याच्या पट्ट्या, असताना त्यांच्याकडे टीॲक कंपनीचे चार ट्रॅकांचे ध्वनिमुद्रण यंत्र होते. ड्रम, बास, गिटार भरले की जागा संपत येई. मग भरलेले सारे एकत्र उतरवून घ्यायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर गळे व तालवाद्ये बसवायची. अशा प्रत्येक उतरवणीत झांजांची धार बोथट होते आणि टेपची सरसर वाढते. दुसऱ्या कोणी हा दोष मानून हात आखडता घेतला असता. पेरी यांनी त्यावर फेजर (आवाज हेलकावणारे यंत्र) आणि स्पेस एको (प्रतिध्वनी देणारे यंत्र) यांचे थर चढवून त्या धूसरपणालाच रूप दिले. १९७७ सालच्या 'हार्ट ऑफ द काँगोज' या काँगोज गटाच्या अल्बममध्ये गायक सेड्रिक मायटन यांचा उंच, पातळ आवाज त्या दाट ध्वनीवर तरंगत असतो आणि मध्येच कुठेतरी गाय हंबरते. हेडफोन लावून ऐकताना मी अजूनही त्या हंबरण्याची वाट पाहतो.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू घेणे कठीण आहे. बॉब मार्ली आणि त्यांचा गट वेलर्स यांची १९७०-७१ मधील ध्वनिमुद्रणे त्यांनी ब्रिटनमध्ये विकली. त्याचे पैसे आपल्यापर्यंत पोचले नाहीत, हा वेलर्सचा राग रास्तच वाटतो. पेरी यांच्या अपसेटर्स वाद्यवृंदातील बॅरेट बंधू तर वेलर्सकडेच गेले.

ब्लॅक आर्क पुढे जळाला, आणि आग आपणच लावली असे पेरी सांगत. २००३ साली त्यांना ग्रॅमी मिळाले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. माझ्याजवळ 'काँगोज'ची ब्लड अँड फायर या कंपनीने १९९६ साली काढलेली आवृत्ती आहे. तिच्यातही ती सरसर आहेच.