फक्कीवर उमटलेली माझीच रेघ

जानेवारीतला शनिवार होता. पहाटे साडेपाचला आम्ही चौघं पुण्याच्या एका उपनगरातल्या तिठ्यावर फक्की पसरत होतो. शाळेच्या मैदानावर कबड्डीचं अंगण आखायला वापरतात तीच पांढरी फक्की. चाळणीतून अगदी पातळ थर टाकायचा होता, म्हणजे दुचाकी घसरायला नको. शाळेची गल्ली मोठ्या रस्त्याला जिथे मिळते ते सगळं तोंड आम्ही पांढरं केलं आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

मी रस्त्यांची ड्रॉइंग करतो. या तिठ्याचं ड्रॉइंगही आठ वर्षांपूर्वी मीच केलं होतं. तेव्हा मी एका सल्लागार कंपनीत नवीन होतो. कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या मी १२ मीटर धरली होती, कारण त्याआधी केलेल्या महामार्गाच्या फाट्याच्या ड्रॉइंगमध्ये ती तेवढी होती. फाट्यावर ट्रक वेग न मोडता वळावा म्हणून ती ठेवतात. इथे ट्रक क्वचितच येतो, बस वळत नाही, येतात ती शाळेची मुलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आदल्या जूनमध्ये याच कोपऱ्यावर डावीकडे वळणाऱ्या गाडीने सातवीतल्या एका मुलाची सायकल उडवली. पाय मोडला. मुलगा आता बरा आहे, धावतोही. पण शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं तेव्हा मी जागा ओळखली, आणि बाई बोलत असताना माझं अर्धं लक्ष त्या कोपऱ्याच्या गोलाईकडेच होतं. बाईंना गतिरोधक हवा होता. मी म्हटलं, "बाई, एक दिवस मला हा तिठा बदलून बघू द्या." पोलिसांची परवानगी, वॉर्डाची परवानगी, सोसायट्यांच्या बैठका यात पुढचे सहा महिने गेले.

सातला उजाडलं तेव्हा फक्कीवर दीडेक तासाच्या गाड्यांचा माग उमटला होता. आम्ही गच्चीवर चढून वरून पाहिलं. आत वळणाऱ्या चाकांची एकच सलग, गुळगुळीत कमान होती. कुठे ब्रेकचा फराटा नाही, कुठे वळण मोडलेलं नाही. ती कमान मी ओळखली. आठ वर्षांपूर्वी संगणकावर काढलेली १२ मीटरची रेघ गाड्यांनी रस्त्यावर जशीच्या तशी गिरवली होती. वेगाने वळा, असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं आणि त्या ऐकत होत्या. चालकांना दोष देणं सोपं असतं, आणि मीही बैठकांमध्ये तो दिला होता.

आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या कमानींच्या मधोमध एक मोठा त्रिकोण पांढराशुभ्र राहिला होता. तिथे एकही चाक गेलं नव्हतं. म्हणजे एवढी जागा गाड्यांना नकोच होती, आणि चालणाऱ्याला मात्र ती रोज ओलांडावी लागत होती. गल्लीची मूळ रुंदी ६ मीटर. पण गोलाईमुळे, मोठ्या रस्त्याच्या कडेने सरळ चालत येणाऱ्याला प्रत्यक्षात जवळजवळ १७ मीटर डांबर ओलांडावं लागतं. हेच दोन्ही कोपरे ४ मीटर त्रिज्येचे केले तर अंतर येतं ७ मीटर. कागदावर हा हिशेब मी आधीच केला होता. वरून पाहताना त्याचा अर्थ कळला.

मग त्या ४ मीटरच्या गोलाईवर वाहतूक पोलीस वापरतात तसे प्लास्टिकचे कोन मांडले, वाळूची पोती ठेवली आणि नव्या कोपऱ्याच्या आत, दोन्ही बाजूंना, पिवळा रंग दिला. साडेसातपासून शाळेच्या व्हॅन यायला लागल्या आणि पहिला अर्धा तास फार वाईट गेला. हॉर्न, शिव्या. एका व्हॅनवाल्या काकांनी गाडी मध्येच थांबवली. "साहेब, रोजच्या रस्त्यात हे काय मांडून ठेवलंय? वळू कसा?" मी म्हटलं, "काका, दुसऱ्या गिअरमध्ये वळून बघा." ते वळले, एका दमात वळले, फक्त सावकाश. मला नेमकं तेवढंच हवं होतं.

खरी धास्ती पाण्याच्या टँकरची होती. बैठकीत एका सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले होते, "उद्या आग लागली तर बंब आत कसा येणार?" प्रश्न अगदी योग्य होता, आणि टँकर वळला तरच बंबही वळेल असं म्हणता येणार होतं. आठच्या सुमारास टँकर आला. चालक खाली उतरला, कोन बघितले, काही न बोलता परत चढला, गाडी रस्त्याच्या मध्याकडे घेतली आणि गल्लीची पूर्ण रुंदी वापरून आत गेला. मोठी गाडी क्वचित येते, तिने पूर्ण रस्ता वापरावा. ती कधीतरी येईल म्हणून रोजच्या शंभर लहान गाड्यांना वेगाची मोकळीक का द्यायची? आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारलाच जात नाही.

वेगाबद्दल थोडं सांगायला हवं. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी, चालकाला मूल दिसल्यापासून एका सेकंदात पाय ब्रेकवर गेला असं धरलं, तर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ला तेच अंतर २८ मीटरच्या आसपास जातं. म्हणजे ३० वाली जिथे थांबलेली असते तिथे ५० वाल्याचा पाय नुकताच ब्रेकवर पोचलेला असतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे आकडे मी कितीतरी सादरीकरणांत दाखवले आहेत. त्या सकाळी दप्तरं घेऊन ओळीने रस्ता ओलांडणाऱ्या मुलांकडे बघताना ते पहिल्यांदा घशात अडकले.

गतिरोधकाच्या मागणीला माझा विरोध का, हे बाईंना मी त्याच गल्लीत दाखवलं. तिथे आधीच तीन होते, अरुंद आणि उंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्याकडे रातोरात डांबराचा वरवंटा घालतात. चारचाकी तो हळू ओलांडून पुढे दुप्पट जोराने सुटते, आणि सायकलवरच्या मुलाला मात्र उतरावं लागतं.

साडेनऊला एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्यांनी आधी दोनदा इकडेतिकडे पाहिलं, मग पलीकडे गेल्या, नातवाला पलीकडे उभं केलं आणि एकट्या परत आल्या. मला वाटलं काही राहिलं असेल. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बाळा, हे तुम्ही केलंत का? मला रोज मध्येच थांबावं लागतं. आज एका दमात गेले, म्हणून परत येऊन बघितलं." त्या रोज थांबत होत्या ती जागा म्हणजे पहाटेचा तो पांढरा त्रिकोण.

मी खूश होऊन म्हटलं, "आजी, आता फुटपाथवरून जा म्हणजे झालं." त्यांनी मला हाताला धरून फुटपाथपाशी नेलं. एक पाय वर ठेवला, गुडघ्यावर हात दाबला आणि तो पाय खाली घेतला. "चढता येत नाही रे." मी टेप लावली. २७ सेंटिमीटर! निकष जास्तीत जास्त १५ चा आहे. दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथ उंच बांधतात. दुचाक्या प्रत्येक गेटच्या उतारावरून चढतातच, आजी तेवढ्या खाली राहतात. मग आपण म्हणतो, लोक फुटपाथ असून रस्त्यावरून चालतात. हे वाक्य मी स्वतः एका अहवालात लिहिलं आहे. त्या दिवसानंतर लिहिलेलं नाही.

पुण्यात चांगलं काही झालेलं नाही असं नाही. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर लोक संध्याकाळी नुसते बसायला जातात. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवला होता, तिथे मी लेकीला घेऊन गेलो होतो. पण ते मोठे, नावाजलेले रस्ते. मूल शाळेत जातं ते अशा बिननावाच्या गल्लीतून. तिथे सायकलसाठी वेगळी पट्टी आखायची गरज नाही असं माझं मत आहे. गाड्या तीसच्या आत राहिल्या तर मुलं त्यांच्यातूनच नीट सायकल चालवतात. वेगळी पट्टी हवी ती बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर.

दुपारी कोपऱ्यावरचा किराणावाला भांडायला आला. त्याच्यासमोरच्या दोन गाड्यांची जागा गेली होती. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. जागा जाणारच होती. सामान उतरवायला सकाळी अकरापर्यंत एक जागा खूण करून राखून ठेवू, एवढं ठरलं. तो समाधानी झाला नाही.

संध्याकाळी सहाला कोन टेम्पोत भरले. मी पायरीवर बसून राहिलो. दहा मिनिटांत गाड्या पुन्हा जुन्या कमानीवरून सुटायला लागल्या, उरलीसुरली फक्की चाकांना लागून गेली. त्या रात्री घरी जुनं ड्रॉइंग उघडलं आणि १२ च्या जागी ४ केलं.

पक्कं काम व्हायला पुढे अकरा महिने लागले. दोन्ही कोपरे आता दगडात बांधलेत आणि गल्लीच्या तोंडाशी रस्ताच फुटपाथच्या पातळीला उचललाय. उजव्या बाजूचा फुटपाथ खाली घेतला. डाव्या बाजूचा, आजींच्या घराकडचा, अजून २७ सेंटिमीटरच आहे, खालून केबल गेल्या आहेत म्हणून. त्याचं तिसरं पत्र टाइप करून ठेवलंय, सोमवारी घेऊन जातो.