सातबाऱ्यावर वारस लावताना

वडील वारले तेव्हा करवीर तालुक्यातली आमची शेती त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. रानात ऊस उभा, सेवा सोसायटीचं पीककर्ज चालू. दिवसकार्य उरकलं आणि भावकीतल्या थोरल्यांनी सुचवलं, "पोराचं नाव लावा, पोरीकडनं हक्कसोड घ्या आणि मोकळे व्हा." ती पोर म्हणजे मी, लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेत नांदणारी. दादानं मात्र ठामपणे सांगितलं, "कायद्यानं ज्यांची नावं लागतात त्या सगळ्यांची लागू देत." त्यासाठी मी त्याची कायम ऋणी आहे.

मग प्रश्न आला, कायद्यानं नावं लागतात कुणाकुणाची? ही जमीन वडिलांनी खरेदीखतानं घेतलेली, म्हणजे स्वकष्टार्जित. मृत्युपत्र नव्हतं. अशा वेळी 1956 चा हिंदू वारसा कायदा पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना समान हिस्सा देतो. म्हणजे आई, दादा, मी आणि आजी, प्रत्येकी चार आणे. आजीचा हक्क भावकीत कुणाच्याच ध्यानात नव्हता. पोटचा मुलगा गेलेल्या म्हातारीला विसरून कागद रंगवायचे, हे मला फार लागलं. जमीन वडिलोपार्जित असती तर हिशेब वेगळा झाला असता. तिथं 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं.

मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आठ-अ म्हणजे खातेउतारा, आधार, रेशनकार्ड असे कागद जोडून चावडीत अर्ज दिला. तलाठ्यांनी चौकशी करून वारस रजिस्टरला नोंद घेतली, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची नोंद, धरला. त्यानंतर संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. आमच्याकडं हरकत आली नाही. मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला आणि सातबाऱ्यावर चौघांची नावं आली.

हे मी प्रत्येकाला सांगते : सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकी त्या नोंदीनं जन्माला येत नाही आणि नाव नसल्यानं मरतही नाही. आमचा हक्क वडील गेले त्याच क्षणी आला, फेरफार नंतरचा. म्हणून "सातबाऱ्यावर तुझं नाव नाही, तुझा संबंध संपला" असं कुणी म्हणालं तर बहिणींनी घाबरू नये.

हक्कसोडपत्र ही निराळी गोष्ट. त्यानं हक्क खरोखरच जातो. स्थावर मिळकतीचं असल्यानं ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, साध्या कागदावरच्या सहीनं भागत नाही. सोडायचं असेल तर राजीखुशीनं सोडावं, पण सुतकातल्या घरात बहिणीपुढं कागद सरकवू नये.

सध्या आमची जमीन सामाईक आहे. हिस्सा ठरलाय, पण कुणाचा बांध कुठला ते ठरलेलं नाही. त्यासाठी तहसीलदारांकडं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र लागतं. आम्हाला घाई नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजाही सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात तसाच आहे. कर्ज फिटलं की दाखला आणून तो कमी करून घ्यायचा.

राहिला आजीचा चौथा हिस्सा. तिनं काही लिहून ठेवलं नाही तर तो काका, आत्या आणि वडिलांच्या वाट्याचा म्हणून दादा व मी यांच्यात जाईल. तिची सेवा करणाऱ्या आईला, सून म्हणून, त्यातलं काही मिळणार नाही. हे आजीला समजावून सांगितल्यावर तिनंच मृत्युपत्राचा विषय काढला. त्याला नोंदणीची सक्ती नसते, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. पण नोंदणी करूया असं आम्हीच म्हटलं, आणि काका-आत्यांनाही आधी सांगायचं ठरवलंय.