तारेवर मरणारे आणि तारेनं संपणारे

आमच्या लाईनवर सगळ्यात जास्त कोण मरतं म्हणाल तर कावळा. त्याच्या खालोखाल वटवाघूळ. मग साळुंक्या, पारवे, कधीमधी एखादं वानर. मी आष्टी-पाटोदा भागात लाईनमन आहे, म्हणजे गावाच्या भाषेत वायरमन. पावसाळ्याआधी मेंटेनन्सला पोलवर चढलं की निम्मा वेळ कावळ्यांची घरटी काढण्यात जातो. त्यात काड्या कमी आणि आम्हीच खाली टाकलेली बाइंडिंग वायर जास्त. तिचं टोक फेजला, म्हणजे करंट असलेल्या तारेला, टेकलं की फिडर ट्रिप, म्हणजे सबस्टेशनवरनं निघणारी ती अख्खी लाईन आपोआप बंद, आणि मग सगळ्या गावाचे फोन मलाच.

एवढे मरूनही कावळ्याचं काही अडत नाही. चार-पाच अंडी घालतो, आपल्या उष्ट्यावर जगतो. एक मेला तर पंचवीस जमून कालवा करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोलवर नवा हजर. म्हणून पक्षी नामशेष होतात ते माणूस त्यांना मारतो म्हणून, एवढंच कुणी सांगितलं तर मला ते अर्धवट वाटतं. किती मेले हे मोजून भागत नाही. मेलेल्याची जागा भरायला मागं किती येतात, तेही बघावं लागतं.

मला हे एका गरुडापायी नीट उमगलं. माळावरच्या ११ केव्ही (अकरा हजार व्होल्ट) लाईनवर पहाटे फॉल्ट होता. लाईन चालत तपासत गेलो तर एका पोलच्या बुडाशी सापमार गरुड पडलेला. पोट पांढरट, त्यावर तपकिरी पुसट रेघा, डोकं घुबडासारखं मोठं आणि डोळे पिवळेधमक, उघडेच. उजव्या पायाच्या नखाशी कोळशासारखा डाग. शेजारी अर्धा जळालेला साप. काय झालं असणार ते पोलकडं बघूनच कळलं. गरुड टोकावर बसला, चोचीतला साप खाली लोंबकळला, सापाचं शेपूट फेजला लागलं आणि गरुडाचे पाय लोखंडावर. सर्किट पुरं झालं. एकाच तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही. पण दोन फेजना एकदम लागलं, किंवा एक फेज आणि एक लोखंड असं झालं, की संपलं. होला, चिमणी वाचतात त्या त्यांच्या आखूड पंखांमुळं.

हा गरुड वर्षाला एकच अंडं घालतो. कावळ्याच्या आणि याच्या मरणात फरक आहे तो इथं. आमच्या ट्रिपिंगच्या रजिस्टरात मात्र कारणाच्या रकान्यात दोघांनाही एकच शब्द : ‘पक्षी’. (खरं कारण सापडलं नाही तरी तोच शब्द लिहितात, हे आतल्या माणसांना माहीत आहे.)

आता माळढोक. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला हूम म्हणतात. शेजारच्या वस्तीवरच्या आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. त्यांना विचारलं तर म्हणाले, “हूम? लेका, तो मेंढरातच चरायचा. मेंढरू त्याला भ्यायचं न्हाई आन् तो मेंढराला भ्यायचा न्हाई.” आता सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातही एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. अभयारण्य १९७९ चं, मुद्दाम त्याच्यासाठीच केलेलं.

नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर, घरटं-बिरटं न करता, बहुधा एकच अंडं घालते. ते कुत्रं खातं, कोल्हा खातो, आणि आमचा कावळाही खातो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं समोरचं नीट दिसत नाही. उडताना तार दिसते तोवर ती जवळ आलेली असते आणि एवढं वजन घेऊन चटकन वळता येत नाही. यात करंट लागायचीही गरज नाही, नुसती धडक पुरते. मोठ्या लाईनला सगळ्यात वर जी बारीक अर्थची तार असते ती तर माणसालाही पटकन दिसत नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानं एकट्या थरच्या वाळवंटात तारांना धडकून वर्षाला अठराएक माळढोक मरतात. आणि सगळे मिळून उरलेत दीडशेच्या आसपास. १९६९ मध्ये ते बाराशेच्या वर होते. वर्षाला अठरा कावळे एका सबस्टेशनच्या हद्दीत मरत असतील, त्याची कुणी दखलही घेणार नाही.

पण तारा नेमक्या माळढोकाच्याच वाटेत का येतात? हे मी सांगतो, कारण लाईन टाकताना मी हजर असतो. सर्व्हे मोसंबीच्या बागेतनं निघाला की मालक आडवा येतो. उसातनं निघाला की भावकी आडवी येते. “माझ्या बांधावर पोल नको, वाटल्यास त्या गायरानातनं न्या.” गायरानाला हरकत घ्यायला कुणी नाही. माळ म्हणजे कागदावर ‘पडीक’. म्हणून लाईन वळून वळून माळावर येते. बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या त्याही माळावरच, कारण वारा तिथं आहे आणि तक्रार कमी. मग त्यांची वीज न्यायला आणखी तारा. उरलेल्या माळावर वनीकरण म्हणून खड्डे खोदून झाडं लावतात. गवतावर जगणाऱ्या पाखराला झाडी उपयोगाची नाही, उलट अडचण. पण रिकामा माळ दिसला की साहेब लोकांचा हात शिवशिवतो, त्याला इलाज नाही.

गिधाडांची गत वेगळी, हिशेब तोच. जनावरांना सुजेवर देतात ते डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरात उरायचं. ते मांस खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडायची. शंभरातल्या एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरे, कारण एका बैलावर अख्खा थवा जेवतो. त्यात गिधाडाचंही वर्षाला एकच अंडं. १९९० नंतरच्या पंधराएक वर्षांत आपल्याकडची लांबचोच्या आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली पंचाण्णवच्या वर गेली. गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली २००६ साली.

संख्या मोठी असली म्हणजे धोका नाही, असंही नाही. अमेरिकेत प्रवासी कबुतरं अब्जांनी होती, थवा आला की ऊन झाकायचं. तीही एका विणीला एकच अंडं घालायची. तिथं रेल्वे आली, तारायंत्र आलं. थवा कुठं उतरलाय याची खबर तारेनं जायची, शिकारी गाडीनं पोचायचे आणि मारलेली कबुतरं पिंपं भरभरून शहरात विकायला जायची. शेवटचं कबूतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्या पाखराला कुणी तारेला धडकून मारलं नाही, पण तारेचा हात तिथंही होताच.

सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेत माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. मोठ्या दाबाच्या लाईनचं मला पटतं. केबलचा खर्च आहे, आणि जॉइंट गेला तर शोधता शोधता घाम निघतो. पण ११ आणि ३३ केव्हीचं काय? जंपरला, म्हणजे पोलवर तारा जोडणाऱ्या तुकड्याला, इन्सुलेशनची नळी घालायला, पोलवरच्या आडव्या लोखंडी आर्मवर कव्हर बसवायला एकदा लाईन बंद ठेवली की पुरतं. पाखराला तार दिसावी म्हणून तारेवर लावतात त्या फिरत्या चकत्याही चांगल्या, फक्त एकदा लावून विसरायच्या नाहीत, उन्हावाऱ्यात त्या तुटून पडतात. जैसलमेरकडं माळढोकाची पिल्लं केंद्रात वाढवतायत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातनंही एक पिल्लू झालं. उत्तम काम आहे. पण ती मोठी झाल्यावर सोडायची ती कोणत्या माळावर, आणि त्या माळावर तोवर किती लाईनी आलेल्या असतील?

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी मराठवाड्यात माळावर फिरत असेल तर एक काम करा. पोलखाली गरुड, घुबड, करकोचा असं मोठं पाखरू मेलेलं दिसलं तर हात लावू नका, जवळही जाऊ नका. तार तुटून लोंबत असेल तर जमिनीतही करंट असतो. वनविभागाच्या १९२६ या नंबरावर फोन लावा आणि आमच्या सबस्टेशनलाही कळवा. फोटो लांबनं, झूम करून काढा, पण पोलवर रंगवलेला नंबर त्यात दिसू द्या. नाहीतर “माळावरच्या पोलखाली पाखरू मेलंय” एवढ्या निरोपावर मला अख्खा फिडर पायी हिंडावा लागतो.