इम्पोर्टेड नळ घेण्याआधी घर मोजा

जर्मन किंवा इटालियन नळाच्या कॅटलॉगात पाण्याचा प्रवाह दिलेला असतो, समजा मिनिटाला ५ लिटर. त्याच्या पुढे बारीक अक्षरात असतं: ३ बार दाबाला. शोरूममध्ये फिनिश कोणतं, डिझायनर कोण, डिस्काउंट किती यावर तासभर बोलणं होतं, त्या ३ बारवर कुणी बोलत नाही. घरी बसवल्यावर पाणी करंगळीएवढं का येतंय, या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथेच असतं.

हिशेब सोपा आहे. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळपास १ बार. गच्चीवरच्या टाकीतून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बेसिनपर्यंत उंचीचा फरक असतो फार तर ३ ते ४ मीटर, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. खालच्या प्रत्येक मजल्याला साधारण ३ मीटर, म्हणजे ०.३ बार वाढतो. कॅटलॉगातले ३ बार पंपाशिवाय मिळायला टाकीच्या खाली दहावा मजला गाठावा लागतो. चार-पाच मजली सोसायटीत ते कुणालाच मिळत नाहीत. अनेक युरोपियन मिक्सरच्या (गरम-थंड पाणी एकत्र देणाऱ्या नळाच्या) कागदावर १ ते ५ बार अशी शिफारस असते, काहींवर किमान ०.५ बार. आता वरच्या मजल्याचे ०.३ बार आठवा.

प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. दाब दहावा हिस्सा झाला तर प्रवाह सुमारे तिसरा हिस्सा उरतो. ३ बारला १२ लिटर देणारा स्वयंपाकघरातला मिक्सर ०.३ बारला पावणेचार लिटर देईल, ते चालून जातं. ५ लिटरवाला बेसिन मिक्सर दीड लिटरवर येतो, आणि त्यात तोंड धुणंही जिवावर येतं. नळाच्या तोंडावरच्या जाळीत प्रवाह नियंत्रक असेल तर गणित थोडं सौम्य होतं, कारण कमी दाबाला त्यातली रबरी रिंग सैल राहून वाट मोकळी ठेवते. पण किती, ते अंदाजाने ठरवू नये. चांगल्या कंपन्या दाब आणि प्रवाह यांचा आलेख देतात. तो मागा आणि डावीकडचं टोक बघा. आलेख ०.५ बारच्या आधीच संपत असेल, तर तो नळ तुमच्या मजल्यासाठी बनलेला नाही.

मजले मोजून अंदाज येतो, पण प्रेशर गेज लावून बघणं उत्तम. अर्धा इंची गेज वॉशिंग मशीनच्या नळाला लावायचा. १० किलोपर्यंतचा गेज घेतलात तर वरच्या मजल्यावर काटा जेमतेम हलेल, म्हणून २ किंवा ४ किलोचा घ्या (गेजवरचा १ किलो म्हणजे जवळपास १ बारच). रीडिंग दोनदा घ्या: सगळे नळ बंद असताना, आणि सकाळी साडेसातला बाथरूममधला नळ पूर्ण सोडून. दुसरा आकडा खरा. दोन्हींत खूप फरक पडला तर दोष उंचीचा नाही, बारीक किंवा क्षार धरलेल्या पाइपचा आहे, आणि तो नवा नळ आणून जाणार नाही.

टॉवरमध्ये गोष्ट उलटी. ३० मजले खाली ९ बार होतात. मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह नसतील किंवा बिघडले असतील, तर होज (नळाला पाणी आणणाऱ्या लवचीक नळ्या) फुगतात आणि नळ बंद करताना पाइप धडधडतात. ५ बारच्या वर गेज दाखवत असेल तर फ्लॅटच्या लाइनवर व्हॉल्व्ह आधी बसवा, नळ नंतर.

गॅस गिझर असेल त्यांच्यासाठी आणखी एक अट. तो पेटायला साधारण अडीच-तीन लिटरचा प्रवाह लागतो. पाणी वाचवणारा ५ लिटरचा सुंदर मिक्सर कमी दाबावर तेवढं खेचू शकत नाही, आणि लिव्हर मध्यावर ठेवला की गिझरच्या वाट्याला त्यातलंही निम्मंच येतं. मग गिझर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. माणसं गिझरच्या मेकॅनिकला बोलावतात.

आता आटे. आपल्याकडे अँगल कॉक अर्धा इंची, बीएसपी म्हणजे ब्रिटिश मानकाच्या आट्याचा. युरोपातून आलेल्या मिक्सरच्या होजला बहुधा ३/८ इंची नट असतो, मिस्त्रींच्या भाषेत तीन सूत. भारतासाठी मागवलेल्या मालात अर्ध्या इंची होज येतात, पण ते बॉक्स उघडून बघायचं, गृहीत धरायचं नाही. होज बदलणं फार अवघड नाही. अडचण अमेरिकेहून नातेवाइकांनी बॅगेत आणलेल्या नळाची. तिथला अर्धा इंची एनपीटी आणि आपला अर्धा इंची बीएसपी, दोन्हींत इंचाला १४ आटे. त्यामुळे दोन-तीन फेरे झकास बसतात आणि प्लंबर खूश होतो. पण एका आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५, शिवाय एनपीटी निमुळता. पुढे तो अडकतो, टेफ्लॉन गुंडाळून जोर लावला जातो, आणि महिन्याभराने ट्रॉलीखाली ठिबक सुरू होते. अमेरिकन नळाच्या होजचा ३/८ कॉम्प्रेशन नट तर युरोपियन ३/८ शीही जुळत नाही. शिवाय तिथली बेसिनं बऱ्याचदा तीन भोकांची, ४ किंवा ८ इंच अंतराची असतात, आपली एका ३५ मिमीच्या भोकाची. सेन्सरवाला नळ असेल आणि अ‍ॅडॉप्टरवर फक्त ११० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टला लावायचा नाही. बॅटरीवर चालणारा असेल तर प्रश्नच नाही.

ओट्याची जाडी कुणी मोजत नाही. वर १८-२० मिमी ग्रॅनाइट, खाली कडप्पा, मध्ये सिमेंट: हे मिळून ५०-६० मिमी सहज होतं. काही मिक्सरचा आवळायचा बोल्ट ४० मिमीपर्यंतच पुरतो. मग मिस्त्री खालून कडप्पा फोडतो. दुसरं मोजमाप मागच्या भिंतीचं. लिव्हर मागे झुकणारा असेल तर भोकाच्या केंद्रापासून भिंतीपर्यंत ५०-६० मिमी तरी लागतात, नाहीतर गरम पाणी अर्धवटच उघडतं. आपल्याकडे सिंक बहुतेक खिडकीखाली. उंच मानेचा नळ घेतलात तर आत उघडणारी झडप त्यावर आपटते. आणि नळाच्या तोंडापासून सिंकच्या तळापर्यंतची उंची घरातला सगळ्यात मोठा कुकर मनात धरून ठरवा. कॅटलॉगातल्या फोटोत सिंकमध्ये दोन वाइन ग्लास असतात, आपल्याकडे पोळ्यांची परात असते.

बाहेर ओढता येणारा स्प्रे हवा असेल तर सिंकखाली त्याच्या होजला आणि होज परत आत ओढणाऱ्या वजनाला मोकळी जागा लागते. तिथे कचऱ्याचा डबा आणि आरओचं फिल्टर असतील तर होज अडकणारच. शिवाय स्प्रेवर पाणी थांबवायचं बटण असेल तर आत नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) व्हॉल्व्ह आहेत का ते विचारा. ते नसतील आणि लिव्हर मध्यावर ठेवून बटण दाबलं, तर गरम आणि थंड लाइन आतल्या आत जोडल्या जातात, आणि जिथे दाब जास्त तिथलं पाणी दुसरीकडे घुसतं.

नळाच्या अंगाच्या बाबतीत: वजन करून बघा म्हणणारे बरोबर आहेत, पण अर्धेच. पितळेची घनता साधारण ८.५, जस्ताच्या मिश्रधातूची ६.७ च्या आसपास. फरक हाताला कळतो, पण जाड भिंतीचा जस्ताचा नळ पातळ पितळी नळाइतका भरू शकतो. म्हणून कागदावर विचारा: पाणी ज्या भागातून वाहतं तो भाग कशाचा? लिव्हर जस्ताचा असणं गुन्हा नाही, महागड्या नळांतही असतो. अंग मात्र पितळेचं किंवा ३०४ अथवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं हवं. मुंबई, कोकण, गोव्यात खाडी-समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ ला जास्तीचे पैसे द्यावेत असं माझं मत.

शिशाचा प्रश्न स्वयंपाकघरातल्या नळापुरता तरी विचाराच. युरोपात सर्रास वापरलं जाणारं सीडब्ल्यू ६१७ एन हे पितळ यंत्रावर कापायला सोपं जावं म्हणून त्यात सुमारे २ टक्के शिसं असतं. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळात, पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांच्या सरासरीने, ०.२५ टक्क्यांवर शिसं चालत नाही. तिथल्या मालावर एनएसएफ ६१ आणि ३७२ हे आकडे दिसतात. फ्रान्सचा एसीएस, ब्रिटनचा डब्ल्यूआरएएस, जर्मनीचा डीव्हीजीडब्ल्यू हे शिक्केही पिण्याच्या पाण्याशी संबंधित आहेत. निव्वळ ‘सीई’ दाखवून कुणी पटवू लागला तर तो शिक्का या कामाचा नाही.

फिनिशमध्ये सगळ्यात जास्त फसगत काळ्या आणि सोनेरी रंगात होते. मॅट ब्लॅक म्हणजे पावडर कोटिंग असू शकतं, रंग असू शकतो, पीव्हीडीही असू शकतं, आणि शोरूमच्या दिव्याखाली तिन्ही सारखेच दिसतात. पीव्हीडीत निर्वात कक्षात धातूच्या संयुगाचा अतिपातळ, कठीण थर चढवतात. घासण्याला तो बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. ‘अनलॅकर्ड ब्रास’ म्हणून जो विकतात तो नुसता पितळेचा नळ असतो, काळवंडणं हाच त्याचा गुण म्हणून जास्त पैसे. आपल्या घरात तो काळवंडू देणं अवघड आहे, कुणीतरी चिंच घेऊन बसणारच. त्याला चिंच चालते. पण सोनेरी पीव्हीडीवर किंवा लॅकर मारलेल्या पितळेवर पितांबरी घासली तर ओरखडे पडतात.

आणि अ‍ॅसिड. फरशी धुवायला आणलेल्या अ‍ॅसिडची नुसती वाफही क्रोम खाते. ज्या घरात महिन्यातून एकदा अ‍ॅसिड येतं तिथे कुठलंही फिनिश टिकत नाही, वॉरंटीही नाही. क्षारांचे डाग लिंबूफुलाच्या सौम्य पाण्याने ओल्या फडक्याने पुसावेत आणि लगेच धुवावेत. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर काठिण्य तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात ते लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरलंय, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. २०० च्या बरंच पुढे असाल तर मॅट ब्लॅक घेऊ नका. प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग मोजता येईल.

रंगीत फिनिश घेताना अख्ख्या बाथरूमची यादी करा. युरोपियन सेटमध्ये संडासातला जेट नसतो. अँगल कॉक, बॉटल ट्रॅप, फरशीची जाळी हेही त्याच छटेत मिळेल याची खात्री नाही, आणि दोन कंपन्यांची सोनेरी कधीच जुळत नाही. जेट त्या रंगात मिळत नसेल तर क्रोमच घ्या, डोळ्याला खुपणार नाही.

कन्सील्ड डायव्हर्टरचा (भिंतीत लपवलेला, पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह) निर्णय टाइल लागण्याच्या खूप आधी घ्यावा लागतो. भिंतीतली पेटी एका कंपनीची आणि बाहेरचा नळ दुसऱ्या कंपनीचा, असं जमत नाही. युरोपियन पेट्यांना भिंतीत साधारण ७०-८० मिमीपासून पुढे खोली लागते. आपली चार इंची भिंत तेवढी खोदली तर पलीकडे प्लास्टरच उरतं. पेटीवरचा किमान-कमाल खोलीचा पट्टा टाइलची आणि चिकटवायच्या थराची जाडी धरून मोजायचा. भिंत पातळ असेल तर बाहेर दिसणारा वॉल मिक्सर घ्या. त्यात कमीपणा काही नाही, दुरुस्तीला तोच बरा.

सुटे भाग हा माझ्या लेखी डिझाइनपेक्षा मोठा मुद्दा. नळाचा जीव कार्ट्रिजमध्ये असतो: आत दोन सिरॅमिक चकत्या, बाहेरून २५, ३५ किंवा ४० मिमीचं नळकांडं. स्पेनची सेडाल, हंगेरीची केरॉक्स अशा मोजक्या कंपन्या ती बनवून अनेक ब्रँडना देतात. तरी मापाशिवाय दांडी, खाचा आणि उंची वेगळी असते, म्हणून ‘३५ चं कुठेही मिळेल’ यावर विसंबू नका. नळाचे सगळे भाग सुटे करून दाखवणारं चित्र आणि कार्ट्रिजचा कोड बिलाबरोबर घ्या आणि एक कार्ट्रिज तेव्हाच विकत घ्या. विक्रेता त्याची किंमतही सांगू शकत नसेल तर सुटे भाग त्याच्याकडे येत नाहीत असं समजा. जाळीचंही तसंच. एम २४ किंवा एम २२ आट्याची जाळी कुठेही मिळते, तोंडाच्या आत लपलेल्या जाळीला तिची खास प्लास्टिकची किल्ली लागते.

बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, बनवल्याचा महिना-वर्ष आणि एमआरपी असणं कायद्याने बंधनकारक आहे. स्टिकर नसेल तर माल आडमार्गाने आलेला असू शकतो, आणि भारतातली वॉरंटी त्याला लागू होत नाही. मूळ देश वाचाच. ब्रँड जर्मन असला तरी नळ जर्मनीतच बनतो असं नाही, ग्रोहेचे कारखाने पोर्तुगाल आणि थायलंडमध्येही आहेत. तो माल वाईट असतो असं नाही, पण ‘मेड इन जर्मनी’ची किंमत मोजताना स्टिकरवर तेच हवं.

बसवायच्या दिवशी अँगल कॉक उघडून दोन्ही लाइन बादलीत पाच मिनिटं वाहू द्या, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. नव्या घराच्या पाइपात सिमेंट, टेफ्लॉनचे तुकडे, सीपीव्हीसीचा कीस असतो, आणि वाळूचा एक कण चकत्यांमध्ये गेला की नळ आयुष्यभर ठिबकतो. जाळीवाला अँगल कॉक लावलात तर उत्तम. पहिल्यांदा नळ सोडताना तोंडाची जाळी काढून ठेवा. होज हाताने घट्ट करून पान्याने पाव फेराच द्या, त्यापुढे वॉशर कापला जातो. जाळीची किल्ली, अ‍ॅलन की आणि कार्ट्रिजचा कोड लिहिलेला कागद एका पिशवीत घालून सिंकखालच्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला चिकटवा.