पहिल्या सहा पसंतींसाठी हजार किलोमीटर

माझी मुलगी आणि माझ्या दादाचा मुलगा 2025 साली एकदमच बारावी झाले. जूनमध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेचे पर्सेंटाइल हाती आले आणि सोलापुरातील इतर अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी आदल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्यांचा पसारा मांडला गेला. चार-पाच दिवस त्या आकड्यांवर रेघा ओढल्यानंतर माझ्या लक्षात आले की, ज्या महाविद्यालयांची नावे आम्ही वर-खाली करत आहोत, त्यांपैकी सोलापूरबाहेरच्या एकाचेही प्रवेशद्वार मुलांनी पाहिलेले नाही.

एरवी हे चालूनही गेले असते. परंतु विद्यार्थ्याने पसंतीच्या क्रमाने भरलेल्या यादीतून फेरीफेरीने जागा देणाऱ्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, नियम त्याच वर्षीपासून कडक झाला होता. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादी मिळाली, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली, तर ती घ्यावीच लागते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. पूर्वी ‘आधी नाव तर भरून ठेवू, पुढचे पुढे पाहू’ असे म्हणता येत असे. आता पहिल्या सहा ओळींत जे लिहू तिथे पुढची चार वर्षे काढण्याची मनाची तयारी असली पाहिजे. म्हणून मी घरात एवढेच सांगितले की, पहिल्या सहा ओळींत न पाहिलेल्या जागेचे नाव येणार नाही.

महाविद्यालये पाहायला निघण्याची तारीख ठरवणे हेच सर्वांत अवघड काम निघाले. आषाढी एकादशी 6 जुलैला होती आणि त्या आधीचे पंधरा दिवस आमच्या जिल्ह्यातले रस्ते वारकऱ्यांचे असतात. त्या काळात मंगळवेढ्याच्या किंवा पुण्याच्या वाटेला गाडी काढणे आम्हाला योग्य वाटत नाही. शिवाय महाविद्यालय सुट्टीत पाहिले तर इमारतीच दिसतात, म्हणून सोमवार ते शुक्रवार हेच दिवस हवे होते आणि वरच्या वर्गांचे तास सुरू झाल्याचे प्रत्येक ठिकाणी फोन करून आधी विचारून घ्यायचे होते. अखेरीस सोमवार, 14 जुलै हा दिवस ठरला. गाडी दादाची, चालवणारा दादा, शेजारी मी आणि मागे दोन्ही मुले.

माझ्या पहिल्या आराखड्यात तीन दिवसांत आठ महाविद्यालये होती. तो कागद पाहून मुलगी म्हणाली, “आई, यात आम्ही बघणार कधी? नुसते उतरणार आणि बसणार.” तिचे म्हणणे खरे होते. मग कागद दोघांच्या हाती दिला आणि त्यांनीच नकाशावर फेरा आखला: सोलापूरहून सांगली, तिथून कऱ्हाड, पुणे, मुंबई आणि परत. पाच दिवस, सुमारे 1000 किलोमीटर, दिवसाला जास्तीत जास्त दोन महाविद्यालये आणि पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे अंधार पडल्यावर प्रवास नाही. ही शेवटची अट दादाची होती आणि तिच्यावर चर्चा झाली नाही.

अमेरिकेत अशा भेटींसाठी महाविद्यालयेच वेळ ठरवून देतात आणि तिथलेच विद्यार्थी पाहुण्यांना सगळा परिसर फिरवून दाखवतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तशी पद्धत नाही. प्रवेशद्वारावर वहीत नाव लिहावे लागते, ओळखपत्र दाखवावे लागते आणि कामाचे स्वरूप विचारले की पुष्कळ पालक गोंधळतात. आम्ही दोन्ही मुलांचे सीईटीचे गुणपत्रक आणि आधार कार्ड वरच्या खिशात ठेवले होते, आणि ‘प्रवेशासंबंधी विभागात चौकशी करायची आहे’ असे सरळ सांगत होतो. पाहिलेल्या सर्व ठिकाणांपैकी एकाच जागी, जिचे नाव मी लिहिणार नाही, आम्हाला आत सोडले गेले नाही. तिथे अर्धा तास बाहेर थांबून आम्ही परत फिरलो आणि ते नाव मुलांनी स्वतःहून पहिल्या सहांतून खाली नेले.

सांगलीच्या वाटेवर दादाने मुलांना वसंतदादांची गोष्ट सांगितली. 1983 साली मुख्यमंत्री असताना वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तोवर हातावर मोजण्याइतकी असलेली महाविद्यालये महाराष्ट्रात गावोगाव उभी राहिली. पसंतीचा अर्ज भरताना आज जी लांबलचक यादी समोर येते, तिची सुरुवात तिथे आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय मात्र त्याच्या फार आधीचे, 1947 सालचे. विश्रामबागेतला तो परिसर पाहून माझे मन तिथेच स्थिरावले, हे मी कबूल करते. सोलापूरहून सुमारे 200 किलोमीटर, मुलगी एका दिवसात घरी येऊन जाऊ शकेल, आणि मिरजेत माझी मावशी राहते. मुलगी काही बोलली नाही; तिने फक्त वहीत टिपणे काढली.

त्या वहीविषयी सांगितले पाहिजे. दोघांनी प्रत्येक महाविद्यालयासाठी दोन पाने ठेवली होती आणि विचारायचे प्रश्न आधीच लिहून आणले होते. ‘नॅक’ आणि ‘एनबीए’ या दोन्ही संस्था शिक्षणाचा दर्जा तपासतात; पण ‘नॅक’चे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते, तर ‘एनबीए’ची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते, त्यामुळे आपल्याला हवी ती शाखा मान्यताप्राप्त आहे का आणि ती मान्यता कधीपर्यंतची आहे, हे वेगळे विचारावे लागते. नोकऱ्यांच्या बाबतीत फलकावर झळकणारे सर्वांत मोठे पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले आणि त्या शाखेतील किती जणांना कॅम्पसमधून नोकरी मिळाली, हे विचारल्याशिवाय त्या फलकाला अर्थ नाही. वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या सर्व मुलींना जागा मिळते की निम्म्यांना बाहेर खोली शोधावी लागते, हा प्रश्न माझा होता. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतील मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आमच्या घराला ती सवलत लागू असल्यामुळे खरा खर्च राहण्या-जेवणाचाच होता, आणि तो सांगलीत व मुंबईत सारखा नसतो.

एक नियम मुलांनी केला आणि तो सर्वांत उपयोगी ठरला. प्रत्येक ठिकाणी पहिला तासभर दोघेच आत फिरत, आम्ही गाडीत किंवा कॅन्टीनमध्ये बसून राहत असू. आई-वडील सोबत असले की शिकणारी मुले मोजके बोलतात. चहाच्या टपरीवर बारावीच्या दोघांशी ती मोकळेपणाने बोलतात. कोणत्या विषयाला शिक्षक नाहीत, कोणत्या प्रयोगशाळेत यंत्राला हात लावू देतात आणि कुठे ते लांबूनच दाखवतात, मेसचे जेवण महिन्याअखेर कसे असते, हे सगळे त्या तासाभरात कळत होते. आमच्या समोर यातले एक वाक्यही कोणी उच्चारले नसते.

कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 सालचे आहे. तिथून निघाल्यावर प्रीतिसंगमावर थोडा वेळ थांबलो. जुलैचे पाणी कृष्णेला आणि कोयनेला भरपूर होते. पुण्यात कात्रजच्या बाजूने शिरताना धनकवडीचे पीआयसीटी महाविद्यालय आधी लागते, म्हणून ते पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजीनगरला सीओईपीत गेलो. 1854 साली सुरू झालेली ही संस्था 2022 पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इथेच शिकले हे भाच्याला ठाऊक होते. मुळेच्या काठावरचा बोट क्लब मात्र त्याला ठाऊक नव्हता, आणि तिथून त्याला हलवणे जड गेले. तरीही त्याची खरी गोष्ट मुंबईत घडली.

माटुंग्याला व्हीजेटीआय आणि आयसीटी या दोन संस्था एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे एका दिवसात दोन्ही नीट पाहता येतात. व्हीजेटीआयची स्थापना 1887 सालची आणि माटुंग्यातले वास्तव्य 1923 पासूनचे. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली संस्था म्हणजे आजचे आयसीटी. आम्ही संगणक शाखेची चौकशी करायला गेलो होतो. पण भाचा एका तासाऐवजी दोन तासांनी परतला, तो वस्त्र तंत्रज्ञान विभागात होता. दादाचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच हा मुलगा वाढला, आणि ‘यातून बाहेर पड’ हेच आम्ही सगळे त्याला लहानपणापासून सांगत आलो होतो. “आत्या, इथे माग शिकवतात. बाबांना जे कोणी सांगितले नाही ते इथे शिकवतात,” असे तो म्हणाला तेव्हा दादा काही न बोलता त्याच्याबरोबर पुन्हा आत गेला. आयसीटीतही तंतू व वस्त्रप्रक्रियेचा विभाग आहे हे कळल्यावर दोघे तिकडेही गेले. पाच दिवसांचा सगळा शीण मला त्या संध्याकाळी सार्थकी लागल्यासारखा वाटला, कारण कटऑफच्या यादीत ती शाखा आम्ही रेघ मारून खोडलेली होती.

मुलीशी माझे बोलणे परतीच्या वाटेवर, इंदापूरच्या पुढे झाले. तिला व्हीजेटीआय पहिले हवे होते. मी पाऊस, लोकलची गर्दी, खर्च, 400 किलोमीटरचे अंतर असे सगळे सांगितले. तिने वही उघडून वसतिगृहाचे, मेसचे आणि सोलापूरच्या रात्रीच्या गाड्यांचे आकडे वाचून दाखवले. माझ्या प्रत्येक काळजीवर तिच्याकडे लिहिलेले उत्तर होते आणि ज्यावर नव्हते तिथे तिने तसे सांगितले. मी आणखी काही विचारले नाही.

पसंतीचा अर्ज उघडला तेव्हा तिने वहीवरूनच क्रम भरला. पहिल्या दोन ओळी मुंबईच्या, तिसरी पुण्याची, चौथ्या आणि पाचव्या ओळीत सांगलीच्या दोन शाखा, सहावी पुन्हा पुण्याची. एकही जागा न पाहिलेली नव्हती. कन्फर्म करण्याआधी तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मी सहाही ओळी मोठ्याने वाचल्या. दादाच्या घरी त्या रात्री दोन वाजेपर्यंत दिवा होता. भाच्याने वस्त्र तंत्रज्ञान पहिल्या ओळीत ठेवले होते आणि वहिनीला ते अजून पटायचे होते.