तुम्ही विचारलंत म्हणून: एम.टेक. वाया गेलं का?

"सायबर सिक्युरिटीत जायचंय. ताई, एम.टेक. करू की सरळ ओएससीपी (हॅकिंगची प्रात्यक्षिक परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र)?" दर जूनला हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त 'दोन वर्षं वाया गेली' एवढं वदवून घ्यायचं असतं. नाही गेली. गेट परीक्षेमुळे महिना १२,४०० रुपये मिळत होते, घरच्यांवर भार नव्हता. बरं, तो मुद्दा नाही. सांगते.

माझा प्रबंध डीएनएस टनेलिंगवर होता. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी इंटरनेटची यंत्रणा. डीएनएसच्या विचारणा फायरवॉल सहसा अडवत नाही, म्हणून चोर माहितीचे तुकडे सबडोमेनच्या (मूळ डोमेनच्या आधी जोडलेल्या भागाच्या) नावात दडवून बाहेर काढतो. अशा नावांची एन्ट्रॉपी, म्हणजे अक्षरांची सरमिसळ, जास्त असते, त्यावरून ती ओळखायची. माझं मॉडेल ९८ टक्के अचूक निघालं. (डेटाही मीच लॅबमध्ये बनवलेला. असल्या पोरखेळात ९८ कुणालाही पडतील. तेव्हा पेढे वाटले होते.)

नोकरीचा चौथा महिना, एसओसीत (क्लायंटच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात) रात्रपाळी. पहाटे पावणेतीनला अलर्ट आला: एकाच मशीनवरून लांबलचक, अर्थहीन सबडोमेन. माझाच विषय! म्हणूनच तर मी तो बंद केला. अँटिव्हायरस आणि सीडीएनसुद्धा (वेबसाइट जलद पोचवणारी सर्व्हरची जाळी) असलीच नावं मागतात, हे मला पाठ होतं. त्या रात्री तसले तीसेक अलर्ट आधीच मिटवले होते. 'फॉल्स पॉझिटिव्ह' (खोटा इशारा) लिहिलं आणि चहाला गेले. डोमेन कधी नोंदवलंय, एवढंही पाहिलं नाही. सकाळच्या पाळीतल्या मुलाने पाहिलं. अकरा दिवसांपूर्वी. इतकं नवं डोमेन म्हणजे संशयाला जागा; चोरी खरीच होती. हा बीसीए करून लॅपटॉप दुरुस्तीतून आलेला, मला 'मॅडम' म्हणायचा. त्या अलर्टचं तिकीट (नोंद) पुन्हा उघडताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, ते जास्त लागलं. असा हल्ला सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेला) सहा तासांत कळवायचा २०२२चा नियम. ते सहा तास माझ्या पावणेतीनपासून मोजायचे की त्याच्या साडेआठपासून, यावर क्लायंटचे वकील भांडत बसले. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा थीसिस कशावर होता हो?" मी सांगितलं. पूर्ण शीर्षकासकट.

दुपारी मात्र एकच धोशा: किती डेटा गेला? तेव्हा मी वही उघडली. डीएनएसमध्ये कॅपिटल-स्मॉल भेद नाही, म्हणून बेस३२, म्हणजे फक्त ३२ चिन्हांत माहिती लिहायची पद्धत. आठ अक्षरांत पाच बाइट. नावाला कमाल २५३ अक्षरं. इथे डेटाची दोनेकशे, म्हणजे दर विचारणेला १२५ बाइट. चाळीस हजार विचारणा, म्हणजे ५ एमबी. अख्खा बॅकअप नव्हे, पण पगारपत्रक आरामात. हे गणित तिथे दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. त्या मुलाला मी ते पुढे शिकवलं. आठ मिनिटं लागली.

मग ओएससीपी करा म्हणू? जवळजवळ चोवीस तासांची परीक्षा, दमवते खरी. पण त्यातली मशीनं फुटण्यासाठीच मांडलेली असतात. माझ्या लॅबसारखीच.

तो मुलगा आता सायबर सिक्युरिटीत एमएस्सी करतोय, ऑनलाइन. "तू कशाला रे?" विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, वरच्या पोस्टला पीजी मागतात."