गुलगुथाच्या खाली, तडा गेलेल्या खडकापाशी

यरुशलेमच्या पवित्र कबरीच्या मंदिरात अडीच तास रांगेत उभी राहिले आणि येशूच्या कबरीपाशी मला जेमतेम पंधरा सेकंद मिळाले. आत चौघंच मावतात. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय शिरता येत नाही. गुडघे टेकले, संगमरवराला हात लावला, घरून मनात जुळवून आणलेल्या प्रार्थनेचा पहिला शब्द ओठांवर आला, तेवढ्यात बाहेरच्या संन्याशाने भिंतीवर टकटक करून "चला, चला" अशी खूण केली. ज्या जागेसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवले तिथून मी रागाने थरथरत बाहेर पडले. रांगेत लोक एकमेकांना कोपराने ढकलत होते. एका गटाचा म्होरक्या आपली माणसं मधेच घुसवत होता. यरुशलेमला जाणाऱ्यांनी या गर्दीची मनाची तयारी ठेवावी. माझी नव्हती, आणि त्या दिवशी मी कुणाशीच धड बोलले नाही.

बाकीची यात्रा छानच झाली. गालीलच्या समुद्रावर होडीत बसलो, यार्देन पाहिली, जैतुनाच्या डोंगरावरून शहर पाहिलं. बेथलेहेमजवळ बेत साहूरला बस दहाच मिनिटं थांबली. बवाजाची म्हणून दाखवतात ती शेतं तिथे आहेत. पाळकसाहेबांनी रूथच्या पुस्तकातला शेवटचा अध्याय वाचला. रूथची विधवा सासू नामी, तिच्या नवऱ्याची जमीन सोडवायचा पहिला हक्क एका जवळच्या नातलगाचा असतो. तो आधी हो म्हणतो. जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी येते हे कळताच, माझ्याच वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरतो आणि पायातली वहाण काढून देतो. मग त्याच्यानंतरचा नातलग बवाज ती जमीन सोडवतो. ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं, पण बस सुटली आणि तो विषय तिथेच राहिला.

कबरीच्या रांगेतून बाहेर पडल्यावर मला एकटीला बसायचं होतं. गुलगुथाला, म्हणजे कवटीच्या जागेला, याच मंदिराच्या आत जिना चढून जातात. पायऱ्या अरुंद आणि इतक्या उभ्या की गुडघ्यांना कळ लागते. वर दोन वेद्या आहेत. लॅटिन वेदीच्या बाजूच्या भिंतीवर अब्राहाम इसहाकाला अर्पण करतो आहे असं मोझेइक आहे. शेजारी ग्रीकांची वेदी. तिच्याखाली चांदीची चकती, आणि तिच्यातल्या भोकातून हात घालून खडकाला स्पर्श करायचा. वधस्तंभ इथे उभा होता, अशी श्रद्धा. इथेही रांग होतीच. माझ्या पुढचा माणूस एका हाताने खडक चाचपत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा फोटो काढत होता. मी हात न घालताच खाली उतरले.

जिन्याच्या खाली एक कोंदट, काळोखी खोली आहे. तिला आदामाचं चॅपेल म्हणतात. आमच्या मार्गदर्शकाने तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. आत कुणी नव्हतं. समोर एक काच होती आणि काचेमागे खडक. वर जिथे रांग लागली होती त्याच खडकाचा हा पायथा, आणि त्यात वरून खालपर्यंत गेलेला तडा.

परंपरा सांगते की आदामाला, म्हणजे पहिल्या माणसाला, इथेच पुरलं होतं. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती आचार्यानेही ही गोष्ट लिहून ठेवली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने प्राण सोडताच भूकंप होतो, खडक फुटतात. त्या फटीतून रक्त खाली झिरपलं आणि आदामाच्या कवटीवर पडलं, असं म्हणतात. वधस्तंभाच्या जुन्या चित्रांत पायाशी एक कवटी दिसते ना, ती हीच. माझ्या लहानपणी ती भीतीसाठी काढलेली असते असं वाटायचं.

संशोधकांचं म्हणणं वेगळं आहे आणि मला ते तितकंच प्रिय झालं. ही सगळी जागा जुनी दगडखाण. चांगला चुनखडी दगड कापून नेला, आणि हा एवढा उंचवटा भेगाळलेला, बांधकामाला निरुपयोगी, म्हणून पाथरवटांनी सोडून दिला. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोपऱ्याचा मुख्य दगड झाला, हे स्तोत्र मला तोंडपाठ आहे. पण तो नाकारलेला दगड हाताच्या अंतरावर काचेमागे पाहणं निराळं. त्या फटीसमोर मी किती वेळ बसले, सांगता येणार नाही.

आपल्या मराठीत तारण या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, वाचवणं. दुसरा, कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. मी आयुष्यभर उपासनेत पहिल्याच अर्थाने तो म्हटला. खंडणी हा शब्द मात्र मला कधी सोसला नाही. मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं येशू मार्काच्या शुभवर्तमानात स्वतः सांगतो. मूळ ग्रीक शब्द गुलामाची किंवा कैद्याची सुटका करण्यासाठी मोजलेल्या रकमेचा आहे. पण खंडणी म्हटली की ती मागणारा आला. मागणारा कोण? सैतान? काही जुन्या आचार्यांनी तसं मानलं. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने उघड विचारलं की हे रक्त कुणाला दिलं, आणि सैतानाला दिलं ही कल्पनाच त्याला संतापजनक वाटली. अकराव्या शतकात अँसेल्म नावाचा आचार्य म्हणाला, माणसाने देवाचा मान राखला नाही, ते देणं माणसाला फेडता येईना, म्हणून देव माणूस होऊन ते फेडतो. हे सगळं मी वाचलेलं होतं. हिशेब समजत होता, पण मन त्यात कधी शिरलं नाही.

त्या खोलीत मला बेत साहूरची ती शेतं आठवली. सोडवणाऱ्याला हिब्रू भाषेत गोएल म्हणतात. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा कायदा आहे: भाऊबंद दरिद्री होऊन जमीन विकू लागला, तर जवळच्या नातलगाने येऊन ती सोडवावी. त्याने स्वतःला विकलं तर त्यालाही सोडवावं. सगळं गमावलेला ईयोब राखेत बसून "माझा उद्धारक जिवंत आहे" म्हणतो, तिथेही शब्द हाच, गोएल. म्हणजे पैसा असून भागत नाही, आधी नातं लागतं. देवाला माणूस का व्हावं लागलं याचं इतकं साधं उत्तर मला कुठल्याच प्रवचनात मिळालं नव्हतं. बेथलेहेमला तो आपला नातलग झाला, आणि इथे, या तड्याच्या वर, त्याने आपल्याला सोडवलं. पहिल्या नातलगासारखी त्याने वहाण काढून दिली नाही.

आता जे लिहिते ते घरात सगळ्यांना माहीत आहे, पण मी कधी बोलले नाही. माझ्या धंद्यासाठी आईवडिलांच्या घराचे कागद तारण ठेवले होते. धंदा बुडाला. दादाने स्वतःच्या नावावरची जमीन विकली, घर सोडवलं, आणि कागद आईच्या कपाटात ठेवून दिले. मला एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या घरी जाणं कमी केलं. सणाला जायचे, पाच मिनिटं बसायचे, निघायचे. त्याने एकदा तरी सुनावलं असतं तर मला सोपं गेलं असतं. सोडवलेल्या माणसाला सोडवणाऱ्याचं तोंड पाहणं किती जड जातं, ते मी अकरा वर्षं जगले आहे. आणि मला वाटतं, प्रभूशीही मी तशीच वागत आले. रविवारी जायचं, पाच मिनिटं बसायचं, निघायचं.

ग्रीक लोक या मंदिराला कबरीचं मंदिर म्हणत नाहीत, पुनरुत्थानाचं म्हणतात. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात येशू अधोलोकात उतरून आदामाला थडग्यातून ओढून काढतो. नीट पाहिलं तर बहुतेक चित्रांत त्याने आदामाचा हात धरलेला नसतो, मनगट धरलेलं असतं. हातात हात द्यायचा तर दोघांना जोर लावावा लागतो. मनगट धरलं की ओढणारा एकटाच. आदामाचा पंजा सैल लोंबत असतो. मी तशीच सैल बसले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली नाही.

पाळकसाहेब मला शोधत खाली आले तेव्हा सगळे बसमध्ये वाट पाहत होते. मी सर्वांची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी पहाटे उठून एकटीच चालत गेले. मंदिर पहाटेच उघडतं, आणि हे दार कित्येक शतकं मुसलमान घराण्यांच्या हातून उघडतं. किल्ली त्यांच्याकडे. आतल्या सहा पंथांची एकमेकांत कितीदा तरी भांडणं झाली आहेत, हाणामारीही झाली आहे. याचं मला फार वाईट वाटतं. पण त्या पहाटे तिथे शांतता होती. दाराजवळच्या शिळेवर, जिथे प्रभूचं शरीर दफनासाठी तयार केलं अशी आठवण ठेवतात, एक म्हातारी पांढरं कापड पसरून हळूहळू पुसत होती.

कबरीपाशी आम्ही सातजण होतो. आत गुडघे टेकले, संगमरवरावर कपाळ ठेवलं. जुळवून आणलेली प्रार्थना आठवली नाही. मी दादाचं नाव घेतलं, एवढंच. बाहेर टकटक झाली तेव्हा मी उठले आणि मागच्या बाईला वाट दिली.